पाठीमागची कमान

माझा साडू बघण्यासारख्या प्रत्येक गोष्टीकडे पाठ करून उभा राहायचा. तेवीस वर्षं त्याने लोकांना बेटावर फिरवलं. लोक लांबून लांबून यायचे, बोटीत उलट्या करायचे, धापा टाकत पायऱ्या चढायचे, आणि समोर कडा, पक्षी, फेसाळलेला समुद्र दिसला की हा पठ्ठ्या त्या सगळ्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "समुद्र रोजचाच आहे रे. माणसं रोज नवी येतात." असली वाक्यं त्याच्या खिशात तयारच असायची. मला अशा वाक्यांचा राग येतो, आणि ते मी त्याला तोंडावर सांगायचो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना अगदी सारखंच नापसंत केलं होतं, त्यातून आमची दोस्ती जमली. तो गाइड आणि मी बोटवाला. मी अठरा माणसं बेटाच्या धक्क्याला लावायची, त्याने ती तीन तास फिरवून परत आणायची. बेट मोकळं नाही. तिथे राहायला मनाई, एकट्याने उतरायला मनाई, वाट सोडायला मनाई. बारकासा खडा उचलून खिशात टाकला तरी साडू तो काढून परत ठेवायला लावायचा. गाइड बरोबर असेल तरच माणूस त्या मातीवर पाय ठेवू शकतो, आणि आमच्या बंदरावर असा परवाना असलेला तो एकटाच होता.

त्याआधी अकरा वर्षं तो त्याच बेटावर राहिला होता. दीपस्तंभावर मदतनीस होता. लग्न होऊन तीन आठवडे झाले आणि बायकोला घेऊन तिकडे गेला. दोन खोल्या, एक चूल, पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि जिकडेतिकडे पक्ष्यांची घाण. थोरली पहिले कित्येक दिवस रडत होती. मग दीपस्तंभ आपोआप चालायला लागला, माणसांची गरज उरली नाही, आणि खात्याने दोघांना किनाऱ्यावर आणून सोडलं. तेव्हा रडला तो. दोरखंडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत वर्षभर नुसता बसून होता. सफरी सुरू झाल्या, परवाना मिळाला, तेव्हा कुठे माणसात आला.

आता सगळं झालंगेलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. शेवटच्या दोन वर्षांत त्याला दिसत नव्हतं. काचबिंदू. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलंही गेलं. शेवटी उजेड आणि सावली एवढंच कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, आणि उरलंय तेही वर्षभरात जाईल. हे एकट्या थोरलीला ठाऊक होतं. त्याने तिच्याकडून वचन घेतलं होतं, अजून एक सीझन. बेटाच्या समुद्राकडच्या टोकावर सकाळी ऊन पाण्यावर पडलं की त्याला अजून चमक कळायची. म्हणायचा, समुद्र दिसत नाही, पण आहे हे दिसतं. तेवढं एक वर्ष पुरवून घ्यायचं आणि मग आपणहून परवाना परत करायचा, असं दोघांचं ठरलं होतं.

आणि मी? मला बंदरावर घारीच्या डोळ्याचा म्हणतात. दोन मैलांवरची बोट कुणाची ते मी सांगतो. पण रोज ज्याच्या शेजारी बसून चहा प्यायचो त्याला दिसत नाही हे मला कळलं नाही. दिसत होतं सगळं. थोरली पूर्वी रांगेच्या शेवटी चालायची, कुणी मागे राहू नये म्हणून. दोन वर्षांपासून ती त्याच्या अगदी मागे चालायला लागली होती. बोटीतून मला तिचा आवाज ऐकू यायचा, "सांभाळून हं, पायरी ओली आहे. इथे वळण आहे बरं का, डाव्या हाताला." मला वाटायचं, पाहुण्यांना सांगतेय. बायकोला मी म्हटलंसुद्धा, "तुझी बहीण म्हातारपणी फार किरकिरी झाली." त्यांच्या घरात एक खुर्ची इकडची तिकडे झालेली तिला खपत नसे. एकदा मी बसायला म्हणून स्टूल ओढलं आणि तसंच मध्ये ठेवलं. साडू त्याला अडखळून पडता पडता वाचला. मी हसून म्हणालो, "सकाळी सकाळीच लावलीस वाटतं." तोही हसला. थोरली हसली नाही, उठून तिने स्टूल जागेवर ठेवलं.

त्या शेवटच्या वर्षी साडूला साठ वर्षं पूर्ण झाली. साठीनंतर परवाना दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सीझनच्या पहिल्या सफरीला खात्याचं माणूस सोबत येतं. सगळी सफर बघायची आणि शेवटी कागदावर होय किंवा नाही लिहायचं, एवढंच. वादळाचे चार महिने साडूने त्या दोन खोल्यांत त्याची तयारी केली. टेबलापासून खिडकीपर्यंत आठ पावलं, ती म्हणजे धक्का ते पहिली पायरी. थोरली मोठ्याने पायऱ्या मोजायची, तो भाषण म्हणायचा. मी अधूनमधून जायचो आणि त्याची टर उडवायचो. "अरे, तेवीस वर्षं तेच बोलतोयस, आता काय परीक्षा आहे काय?" तो म्हणायचा, "आहे ना."

आता माझ्याबद्दल.

बेटाच्या समुद्राकडच्या टोकाला, खडकाच्या एका सपाट ओट्यासमोर, पाण्यात एक दगडी कमान होती. तीन मजली घर खालून जाईल एवढी मोठी. सफरीचं सगळं नाक ते. साडू बाकी सगळं झटपट उरकायचा आणि कमानीसाठी वेळ राखून ठेवायचा. लोक दीपस्तंभापाशी पाणी पीत बसले की तो एकटा पुढे जायचा, ओट्यावर आपल्या ठरलेल्या दगडावर, कमानीकडे पाठ करून उभा राहायचा. लोक वळण घेऊन आले की एक अक्षर बोलायचा नाही. मनात पाचपर्यंत मोजायचा. तेवढ्यात लोक गप्प व्हायचे. ते गप्प होणं त्याला फार आवडायचं. कुठली सफर कशी झाली हे तो त्यावरूनच सांगायचा: आज चांगले गप्प झाले, आज मेले बडबडतच होते.

सीझन सुरू व्हायच्या आठ दिवस आधी मी एकटा बेटाला वळसा घालून आलो. नांगराच्या साखळ्या तपासायच्या होत्या. पलीकडे गेलो तर कमान नव्हती. वादळात कधीतरी कोसळली होती. दोन बाजूंना दोन खुंट, मध्ये पाणी. किनाऱ्यावरून ती बाजू दिसत नाही आणि त्या महिन्यांत तिकडे कोणी जात नाही, तेव्हा हे जगात मला एकट्याला माहीत होतं. मला खरंच वाईट वाटलं. आणि मग, बोट वळवता वळवता, मला हसू आलं. डोळ्यांपुढे साडू उभा राहिला, पाठ करून, पाचपर्यंत मोजत. लोक काहीच बोलत नाहीत म्हणून तो मागे वळेल, आणि त्याचं तोंड कसं होईल. तेवीस वर्षांत एकदा तरी त्या माणसाची बोलती बंद झालेली मला बघायची होती. मी कुणाला काही बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही. त्याचा परवाना पणाला लागला होता हे मला ठाऊक होतं. पण कमान पडली यात गाइडचा काय दोष, खात्याचं माणूसही हसेल, असं मी धरून चाललो. आठ दिवस मी ही खोडी पोटात घेऊन हिंडत होतो आणि मनातल्या मनात खूश होतो. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

पहिल्या सफरीला सतरा पाहुणे होते आणि अठराव्या खात्याच्या बाई. चष्मा, पाठीवर पिशवी, हातात फळीला लावलेला कागद. बाई चांगल्या होत्या. बोटीत एका म्हाताऱ्या पाहुण्याला मळमळायला लागलं तर त्यांनी आपली जागा त्याला दिली. साडू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. धक्क्यावर उतरताना त्याने एका हाताने माझा खांदा धरला. तो नेहमीच धरायचा, मला वाटायचं लाडाने.

मी सहसा वर जात नाही. माझं काम बोटीशी. त्या दिवशी मी बोट बांधली आणि सगळ्यांच्या मागून चढायला लागलो. साडू पुढे होता, त्याच्या मागे थोरली, मग बाई, मग रांग. तो इतका छान चालत होता. दोनशे बारा पायऱ्या तो कठड्याला हात न लावता चढला. पक्ष्यांच्या उतारावर थांबून, पाठ करून, कुठल्या खळगीत कोणत्या जातीचं घरटं असतं ते हाताने दाखवत गेला, आणि लोक त्या त्या जागी बघून खरंच आहे म्हणून माना डोलवत होते. वाऱ्याने आडवी झालेली झाडं आली तेव्हा म्हणाला, "यांना कुणी वाकवलं नाही हो, ही जन्मतःच नम्र आहेत." लोक हसले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याही हसल्या.

दीपस्तंभापाशी पाणी प्यायला सगळे बसले. साडू नेहमीप्रमाणे एकटा पुढे गेला. थोरली घाम पुसत माझ्याजवळ आली.

"भाऊजी, तुम्ही आज वर कसे?"

"गंमत बघायला."

"कसली गंमत?"

मी नुसता हसलो. तिला बहुधा वाटलं, हा साडूचा दिवस बघायला आला. तिचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणाली, "बरं झालं आलात. एक काम करा. उतरताना तुम्ही ह्यांच्या पुढे राहा. पायऱ्यांच्या वरच्या पुलाची एक फळी निघालीय, येताना मी कसंबसं निभावलं, ती ह्यांच्या हिशोबात नाही."

"मग सांगा की त्याला. तो काय आंधळा आहे?"

"हो," ती म्हणाली.

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. हळू आवाजात, पाहुण्यांकडे पाठ करून तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं. दोन वर्षं. डॉक्टर. एवढा एक सीझन. "आज बाईंनी होय लिहिलं की झालं. आता फक्त कमान राहिलीय. तिथे तर काही चालायचंसुद्धा नाही, नुसतं उभं राहायचं." ती हसत होती. दोन वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

"ताई, कमान पडलीय."

"काय?"

"वादळात पडली. आठ दिवसांपूर्वी मी बघितली."

"मग ह्यांना सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

गंमत म्हणून. हे दोन शब्द मी थोरलीच्या तोंडावर बोललो. ती एकदम वळून पळाली. पण बाई आणि पाहुणे उठून वाटेला लागले होते. तिथली वाट एका माणसापुरती, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दोर. "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या," करत ती घुसत होती आणि लोक म्हणत होते, "अहो बाई, रांगेने, रांगेने." तिच्यामागे मी.

आम्ही वळणावर पोचलो तोवर सगळे ओट्यावर गोळा झाले होते. साडू आपल्या दगडावर उभा होता. मागे निळं आभाळ आणि पाणी, ऊन असं की डोळे दिपावेत. लोक कमान शोधत होते. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, पण विचारायचं कसं म्हणून कोणी बोलत नव्हतं. सगळे गप्प. साडू पाचपर्यंत मोजत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्याला वाटलं, इतके गप्प कोणीच कधी झाले नव्हते.

आणि तो बोलायला लागला. तेवीस वर्षं ते भाषण बोटीत, घरी माझ्या कानांवर पडलं होतं, पण इतकं सुंदर तो कधीच बोलला नव्हता. "मी आमच्या हिला ही कमान पहिल्यांदा दाखवायला आणलं तेव्हा आमच्या लग्नाला तीन आठवडे झाले होते. रडत होती, मला माहेरी सोडा म्हणत होती. मी म्हटलं, सोडतो, पण आधी एवढं बघून घे. हिने बघितलं. मग म्हणाली, चहा करायचाय का?" इथे लोक नेहमी हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्यालाही तो मानच समजला. "समुद्राने दगडाला हजारो वर्षं विनवण्या केल्या, मला जाऊ दे, मला जाऊ दे. शेवटी दगडाने दार उघडलं. बघा ते दार."

बोटीत मळमळलेला म्हातारा पुढे झाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "साहेब, पण ती कमान आहे कुठे?"

साडू हसला. न वळता त्याने हात मागे नेला आणि बोट दाखवलं. अगदी अचूक, तसूभरही इकडे तिकडे नाही. "माझ्या हाताच्या रेषेत बघा, काका. चष्मा पुसून घ्या."

कोणीतरी फिसकन हसलं. साडूचा हात तसाच होता. बाईंनी त्या हाताकडे बघितलं, मग रिकाम्या पाण्याकडे, मग त्याच्या डोळ्यांकडे. मी बघत होतो. त्यांना कळलं तो क्षण मला दिसला. त्यांनी कागद खाली केला.

थोरली पोचली. तिने तो हात धरून खाली घेतला. "अहो, ती पडली."

"कोण पडलं?" तो घाबरून म्हणाला. त्याला वाटलं, एखादा पाहुणा.

"कमान."

साडूने हात सोडवून घेतला. मग वळला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा लोकांकडे पाठ करून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मी पुढे जाऊन म्हणालो, "मला माहीत होतं. मी सांगितलं नाही." सगळ्यांसमोर म्हणालो. त्याने मान हलवली, जणू मी वेळ किती झाली ते सांगितलं. मग लोकांकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाला, "उतरताना दोर धरा. घाई करू नका." थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून तो उतरला. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं.

धक्क्यावर बाई त्याच्याजवळ गेल्या. म्हणाल्या, "इतकी चांगली सफर मी आजवर केली नाही. पण माझ्या सहीवर लोक कड्याच्या वाटेने जाणार आहेत." त्यांचे डोळे भरले होते. साडू म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. मीही तेच लिहिलं असतं." त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेलो. खूप काही बोलायचं ठरवून गेलो होतो आणि दारातच चपला काढत रेंगाळलो. साडूच म्हणाला, "जाऊ दे रे. आज ना उद्या हे व्हायचंच होतं. फार तर एक सीझन गेला."

थोरली चुलीपाशी होती. तिने वळूनही बघितलं नाही. "एक सीझन," ती म्हणाली. "मागितलं काय होतं आपण?"

माझ्याशी ती तेव्हापासून बोललेली नाही. माझ्या बायकोकडे येते, बसते, मी आलो की उठते. मी तिला दोष देत नाही.

सफरीला दुसरी गाइड आली. हुशार मुलगी आहे, लोकांच्या बरोबरीने उभी राहून दाखवते. साडूला बेटावर उतरता येत नव्हतं, पण बोटीत बसायला मनाई नव्हती. पाहुणे वर गेले की मी त्याला घेऊन बेटाला वळसा घालायचो आणि जिथे कमान होती तिथे इंजिन बंद करायचो. तो पाण्याकडे तोंड करून बसायचा. म्हणायचा, "आज छान चमकतंय." आणखी काही दिवसांनी, "आज जरा अंधूक आहे, नाही?" मी हो म्हणायचो. तो बोलायचा कमी, मीच बडबडायचो. एकदा मात्र म्हणाला, "तुला सांगू? ते सगळे गप्प झाले ना, मला वाटलं, आजवरची सगळ्यांत चांगली सफर. दोन मिनिटं मी फार सुखात होतो." मी तोंड फिरवलं, आणि मग आठवलं, तोंड फिरवायची काही गरज नाही.

सीझन संपायला थोडे दिवस उरले होते. सकाळचे दहा वाजले असतील. दोन खुंटांच्या मधून ऊन सरळ येत होतं, पाणी इतकं चमकत होतं की मला टोपी कपाळावर ओढून घ्यावी लागली. साडू नेहमीच्या जागी बसला होता, चेहरा वर करून, डोळे सताड उघडे. बराच वेळ तो वाट बघत होता.

"आज आभाळ आलंय का रे?" त्याने विचारलं.

त्याचा हात बोटीच्या काठावरच्या फळीवर होता. फळी चांगली तापली होती.

"हो," मी म्हणालो. "गच्च आलंय."

त्याने हात फळीवरून उचलला नाही. "मग चल परत," म्हणाला, आणि मी इंजिन सुरू केलं.